चेहऱ्याला जुळणारा मास्क
(सांगवी येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जिभेचे मूळ मागे सरकते आणि काही माणसांच्या बाबतीत श्वासाची वाट इतकी आक्रसते, की छाती वरखाली होत राहूनही हवा आत शिरत नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होऊन घशाच्या स्नायूंना पुन्हा ताण देतो, मोठ्याने घोरत श्वास सुरू होतो आणि आपण जागे झालो होतो याची त्या माणसाला सकाळी आठवणही नसते. या विकाराला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’, म्हणजे अडथळ्यामुळे झोपेत श्वास थांबणे, असे म्हणतात. किमान १० सेकंद श्वास थांबला किंवा लक्षणीय मंदावला तर ती एक घटना धरली जाते आणि अशा घटना तासाला सरासरी किती होतात यावरून विकाराची तीव्रता ठरते: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. ही मोजणी ज्या तपासणीत होते तिला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही आता ‘स्लीप स्टडी’ असेच म्हणतात.

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज महाराष्ट्रात अजून पुरता गेलेला नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांपैकी १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचे अडथळे आढळले होते आणि ७.५ टक्के पुरुषांना त्याच्या जोडीला दिवसा पेंग येण्याचा त्रासही होता. दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी देशभरातील अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतातील सुमारे ११ टक्के प्रौढांना हा विकार आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि कारण म्हणून डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले. अनेक मराठी घरांत हा शब्द पहिल्यांदा त्या बातमीतून पोहोचला.

निदानानंतरचा मुख्य उपचार म्हणजे ‘सीपॅप’ यंत्र. हे यंत्र खोलीतील हवा आत ओढते, गाळते आणि ठरावीक दाबाने नळीवाटे नाकात सोडते. हवेच्या त्या आधारामुळे घशाची वाट मिटत नाही. दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि तो बहुधा ४ ते २० च्या दरम्यान असतो. वातावरणाचा दाब याच मापात हजाराच्या थोडा वर भरतो, त्यामुळे १० सेंटिमीटर म्हणजे त्यावर जेमतेम एक टक्क्याची भर; पण तेवढी भर रात्रभर टिकायची तर यंत्र आणि घसा यांच्यामधला सांधा हवाबंद हवा. हा सांधा म्हणजे मास्क, आणि उपचार सोडून देणारे बरेच रुग्ण यंत्रामुळे नव्हे, तर याच सांध्यामुळे सोडतात.

मास्कची अडचण या उपचाराइतकीच जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात हा उपचार प्रथम वापरला आणि पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. तोवर तीव्र विकारावर खात्रीचा इलाज एकच होता, तो म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट काढणे. सुलिव्हन यांच्या सुरुवातीच्या रुग्णांसाठी प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन मास्क घडवला जाई आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट द्रवाने नाकाला चिकटवला जाई. हे सोसणे कठीण होते यात शंका नाही; तरीही त्या पद्धतीत मास्क चेहऱ्यावरून घडत असे. पुढे कारखान्यांतून लहान, मध्यम, मोठा अशा मापांचे मास्क निघू लागले, किंमत आवाक्यात आली आणि चेहऱ्याने मास्कशी जुळवून घ्यावे, अशी उलटी अपेक्षा नकळत रूढ झाली.

आपल्याकडच्या बाजारात ही अपेक्षा आणखी घट्ट होते. यंत्राची कंपनी, हमी आणि किंमत यांवर घरातली चार माणसे घासाघीस करतात आणि मास्क मात्र खोक्यात येईल तो घेतात. वास्तविक आज बाजारात असलेल्या बहुतेक नामांकित यंत्रांमध्ये रुग्णाला जाणवेल असा फरक थोडा आहे, तर दोन मास्कमधला फरक पहिल्याच रात्री जाणवतो. म्हणून वेळ आणि पैसा यांची वाटणी करताना मास्ककडे झुकते माप जायला हवे आणि दोन-तीन प्रकार लावून पाहू देणारा, न जुळल्यास बदलून देणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी तोच निवडावा.

मास्कचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला फक्त नाक झाकतो. दुसरा, ज्याला ‘नेझल पिलो’ म्हणतात, तो नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ सिलिकॉनच्या बोंड्या टेकवतो आणि चेहऱ्याचा उरलेला भाग मोकळा सोडतो. तिसरा नाक आणि तोंड दोन्ही झाकतो व ‘फुल फेस’ या नावाने ओळखला जातो. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या माणसाला थेट तिसरा प्रकार देण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि वरवर पाहता ती तर्काला धरूनही वाटते. परंतु त्यात एक मेख आहे. या मास्कचे पट्टे आवळले की हनुवटी मागे ढकलली जाते, तिच्याबरोबर जीभही मागे जाते आणि जो अडथळा दूर करायचा तोच वाढण्याची शक्यता निर्माण होते; म्हणून अशा मास्कवर पुष्कळदा जास्त दाब लागतो, आणि दाब वाढला की कडांमधून गळतीही वाढते. ‘अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’च्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचा कलही शक्य तिथे नाकाच्या मास्ककडेच आहे. तोंड उघडे पडते ते अनेकदा नाक चोंदलेले असते म्हणून; तेव्हा नाकाचा पडदा वाकडा आहे का, ॲलर्जी आहे का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पाहून घेणे हाही मास्कच्या निवडीचाच भाग आहे. नाक खरोखर चालतच नसेल, तर फुल फेस मास्कला पर्याय राहत नाही.

मास्क दुकानात खुर्चीवर बसून, यंत्र बंद ठेवून लावून पाहिला तर त्यावरून काहीच ठरत नाही. आडवे झाल्यावर गालांचे मांस कानांकडे सरकते, जबडा सैलावतो आणि बसलेल्या चेहऱ्याला नेमका बसणारा मास्क उशीवर डोळ्यांत वारा मारू लागतो. योग्य रीत अशी, की माणूस ज्या कुशीवर आणि जेवढ्या उंचीच्या उशीवर रोज झोपतो तसेच त्याने झोपावे, रात्री जो दाब लागणार तोच यंत्रावर चालू करावा, पट्टे सैल ठेवून मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकू द्यावा आणि मगच दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, गळती थांबेल इतपतच ओढावेत. यामागे रचनेचे कारण आहे. मास्कच्या कडेला सिलिकॉनचा जो पातळ आतला पापुद्रा असतो, तो हवेने फुगून त्वचेला चिकटतो आणि वाट बंद करतो. पट्टे आवळले की हा पापुद्रा चुरगळतो, गळती उलट वाढते, माणूस आणखी आवळतो आणि आठवड्याभरात नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो. रात्री कवळी काढून झोपणाऱ्यांनी मास्कचे माप कवळी काढूनच घ्यावे, कारण आधार गेल्यावर गाल आणि ओठ आत ओढले जातात. मास्कच्या पुढच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून हवा सतत बाहेर पडते. ती गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून ती छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात आणि आवाज येतो म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावणे धोक्याचे आहे.

माहितीपत्रकांतील चेहरे बहुधा गुळगुळीत दाढी केलेले, दागिना नसलेले आणि रुंद पलंगावर एकटे झोपलेले असतात. सांगवीतल्या घरात गोष्ट वेगळी असते. भरघोस मिशीवर नाकाच्या मास्कची खालची कड टेकत नाही. तिथे नाकपुड्यांपाशी बसणारा प्रकार सोयीचा पडतो आणि मिशीही शाबूत राहते. उलट नाकात चमकी घालणाऱ्या बाईला तोच प्रकार टोचू शकतो; तिच्यासाठी चमकीला कड न लागता संपूर्ण नाक आत घेणारा मास्क बरा, नाहीतर रात्रीपुरती चमकी उतरवण्याची तयारी हवी, आणि ती तयारी गृहीत न धरता आधी विचारलेली चांगली. अंबाडा घालून झोपणाऱ्या बाईचा मागचा पट्टा वर सरकतो, तेव्हा केसांची वेणी घालून पट्टा वेणीच्या वर येईल असे पाहावे. डोक्याला लावलेले खोबरेल तेल पट्ट्यांत मुरते, कपाळावर उतरते आणि सिलिकॉन घसरू लागते. झोपण्यापूर्वी तोंड साबणाने धुणे आणि सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे, एवढ्यावर अर्ध्या तक्रारी मिटतात.

पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या मधल्या या गावात जलपर्णी वाढली की डास वाढतात, हे सांगवीकरांना नव्याने सांगायला नको. मच्छरदाणीच्या कडेखालून नळी घेतली तर कूस बदलताना जाळी आणि मास्क दोन्ही ओढले जातात. नळी डोक्याच्या वरून येणारा मास्क अशा ठिकाणी सोयीचा ठरतो. डासांची कॉइल मात्र यंत्राजवळ लावू नये, कारण यंत्र खोलीतली हवाच ओढते आणि त्याची जाळी धूळ अडवते, धूर व वास नव्हे. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्यांनी यंत्र उंच टेबलावर ठेवू नये. यंत्रात हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी असेल तर ते पाणी उतारावरून नळीत आणि नळीतून नाकात येऊ शकते. हिवाळ्याच्या पहाटे नळीतच वाफेचे पाणी होऊन नाकाशी बुडबुडे ऐकू येतात. अशा वेळी नळी पांघरुणातून घ्यावी किंवा ओलावा कमी करावा.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या अडचणीला उपचाराच्या चर्चेत फारशी जागा मिळत नाही. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कामगार दिवसा झोपतो, तेव्हाही श्वास तसाच थांबतो. मास्क रात्रीसाठी असतो ही समजूत इथे नडते. त्यातून चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना घामेजलेल्या चेहऱ्यावर मोठा मास्क टिकत नाही, म्हणून पाळ्या बदलत्या असणाऱ्यांनी चेहऱ्याला कमीत कमी स्पर्श करणारा प्रकार आधी आजमावावा. कारखान्यातले यंत्र चालवणाऱ्या किंवा कंटेनर हाकणाऱ्या माणसाची अपुरी झोप त्याच्यापुरती राहत नाही, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे. पाळी कोणतीही असो, वीज गेली तर काय, ही शंका जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळे असते आणि फुल फेस मास्कमध्ये हवा थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, तेव्हा गुदमरण्याची भीती बाळगू नये. इन्व्हर्टरवर यंत्र चालवायचे तर पाणी तापवण्याची सोय बंद ठेवल्याने बॅटरी बरीच जास्त टिकते.

मास्क चढवताच जीव घाबरा होणे हा भित्रेपणा नव्हे. अशा माणसाला पहिल्याच रात्री आठ तास मास्क लावायला सांगणे म्हणजे उपचार संपवणे होय. त्याऐवजी दिवसा, टीव्ही पाहताना, आधी नळीशिवाय नुसता मास्क हातात धरून, मग पट्टे लावून, मग कमी दाबाची हवा सोडून थोडा थोडा वेळ सवय केली तर बहुतेकांची भीती ओसरते.

काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या क्लिपा असतात. अंधारात एका हाताने लावायला त्या सोप्या असतात. परंतु २०२२ मध्ये ‘फिलिप्स’ने अशा मास्कबाबत इशारा प्रसिद्ध केला, कारण चुंबक जवळ आल्यास पेसमेकरसारख्या शरीरात बसवलेल्या उपकरणांच्या कामात व्यत्यय येऊ शकतो. इशारा केवळ रुग्णापुरता नाही. शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला पेसमेकर असला तरी तो लागू होतो. विकत घेताना हा प्रश्न दुकानदार विचारेल असे नाही, तेव्हा घरच्यांनीच तो विचारावा.

उपचार नीट चालला आहे असे सर्वसाधारणपणे केव्हा मानतात? रात्रीला किमान ४ तास आणि महिन्यातल्या किमान ७० टक्के रात्री मास्क वापरला तर, असा प्रचलित दंडक आहे. तो विमा आणि नोंदी यांच्या सोयीचा आहे, घशाच्या सोयीचा नाही. स्वप्ने पडणारी झोप, जिच्यात स्नायू सर्वांत सैल असतात आणि अनेकांचा श्वास सर्वाधिक थांबतो, ती मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात येते. म्हणजे अकराला मास्क लावून तीनला काढणारा माणूस दंडकात बसतो आणि सर्वांत धोक्याचे तास विनामास्क काढतो. यंत्राच्या नोंदींत किती तास वापर झाला याबरोबरच गळती किती होती आणि मास्क कितीच्या सुमारास निघाला हेही दिसते. डॉक्टरांकडे जाताना त्या नोंदी आणि तो मास्क दोन्ही पिशवीत घालून न्यावेत, आणि वजन पाच-सात किलोंनी उतरले असेल किंवा मास्कच्या गादीची कड पिवळी पडून कडक झाली असेल, तर माप पुन्हा पहिल्यापासून, आडवे झोपूनच घ्यावे.