शिखरजीची यात्रा आणि पर्वताचे ऋण



चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी म्हणजे झारखंडमधील श्री सम्मेदशिखरजी. या परिसरासंबंधी २०१९ साली निघालेल्या केंद्रीय अधिसूचनेतील पर्यटनविषयक तरतुदींविरुद्ध २०२२ च्या अखेरीस देशभरचा जैन समाज रस्त्यावर उतरला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी त्या तरतुदींना स्थगिती मिळाली. देखरेख समितीवर जैन समाजाचे दोन व स्थानिक आदिवासींचा एक सदस्य असावा, असेही त्या आदेशात नमूद झाले. दूरदृष्टीने पाहता हा दुसरा भाग अधिक मोलाचा होय.

कारण सहलीला मज्जाव केल्याने पर्वत आपोआप सुरक्षित होत नाही. सुमारे सत्तावीस किलोमीटरच्या वंदनामार्गावर श्रावकही प्लास्टिकची बाटली टाकतोच. प्रवाशाने हानी टाळावी एवढेच नव्हे, तर त्याच्या येण्याने तेथील वन, पाणी आणि माणसे पूर्वीपेक्षा सुस्थितीत यावीत, असा विचार अलीकडे पर्यटनक्षेत्रात मांडला जातो. अहिंसा व अपरिग्रह सांगणाऱ्या समाजाला तो परका वाटू नये.

वृद्ध यात्रेकरूला डोलीतून टोंकापर्यंत पोहोचविणारा खांदा स्थानिक माणसाचा असतो. त्याची मजुरी घासाघीस करून ठरावी, हे पुण्यकार्यास शोभत नाही. यात्रासंघांनी निश्चित दर, वजनाची मर्यादा, विसाव्याच्या जागा आणि विमा यांचा विचार निघण्यापूर्वीच करावा. मधुबनातील भोजनशाळांनी भाजीपाला व वाळलेल्या सालपानांच्या पत्रावळी परिसरातील गावांकडून घेतल्या, तर यात्रेचा पैसा डोंगराच्या पायथ्याशीच राहील. धर्मशाळेच्या नव्या मजल्यापेक्षा झऱ्यांचे संवर्धन व स्थानिक वृक्षांची जोपासना यांना देणगीत अग्रक्रम हवा. मात्र शिलालेखावर नाव कोरण्याची सोय त्यात कमी, हेही खरे!

संथाळ बांधवांसाठी हाच पर्वत ‘मरांग बुरू’, म्हणजे पूज्य देवस्थान आहे. त्यांना केवळ मजूर म्हणून पाहणारे नियोजन टिकणार नाही. निर्णयाच्या बैठकीत त्यांचे आसन बरोबरीचे असावे.

सर्वांत कठीण प्रश्न चातुर्मासाचा. सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी मुनिवर्य विहार थांबवितात. आणि भगवान पार्श्वनाथांच्या निर्वाणदिनी, श्रावण शुद्ध सप्तमीस, ऐन पावसात पर्वतावर श्रावकांची गर्दी उसळते. त्या दिवशी किती जणांनी वर जावे आणि किती जणांनी पायथ्याशीच निर्वाणलाडू अर्पण करावा, हे शासनाने ठरविण्यापूर्वी दिगंबर व श्वेतांबर संस्थांनी एकत्र बसून ठरवावयाचे आहे.