उद्यांचें नगर आणि आजचीं मुलें



नगररचना हा सरकारचा व नगरपालिकेचा विषय, असें आपण धरून चालतों. रस्ता कोठून न्यावा, पाणी कोठून आणावें, कचरा कोठें टाकावा, हें बारा वर्षांच्या मुलास विचारण्याची गरज आपणांस वाटत नाहीं. अमेरिकेंत मात्र १९९२-९३ पासून एक स्पर्धा चालू आहे. तींत नेमका हाच प्रश्न मुख्यतः सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांस विचारला जातो. ‘फ्यूचर सिटी’, म्हणजे भावी नगर, हें तिचें नांव.

निदान तीन विद्यार्थी, एक शिक्षक व मार्गदर्शक म्हणून एक इंजिनियर, असा संघ असतो. निदान शंभर वर्षांनंतरचें नगर कल्पून मुलांनीं त्यावर निबंध लिहावयाचा, टाकाऊ वस्तूंतून त्याची प्रतिकृति करावयाची आणि परीक्षकांच्या प्रश्नांस उत्तरें द्यावयाचीं. प्रतिकृतींत एखादा तरी भाग हलता हवा. खर्च मात्र १०० डॉलरांच्या आंत. ही मर्यादा मला फार मार्मिक वाटते. पैशाच्या बळावर सुंदर दिसणें सोपें. हिशेबांत बसवून उपयोगी करणें, हीच खरी इंजिनियरी.

आतां त्या मार्गदर्शकाविषयीं. त्याचें काम वाटतें त्याहून अवघड आहे. समजा, एका मुलीनें टेकडीवर वस्ती वसविली आणि जलाशय पायथ्याशीं ठेवला. जाणत्या माणसाच्या हातांत पेन्सिल असेल, तर तो क्षणांत जलाशय वर सरकवील. नकाशा सुधारेल, पण मुलगी होती तेथेंच राहील. चांगला मार्गदर्शक एवढेंच विचारतो, “बाळ, हें पाणी वर कसें चढणार? आणि वीज गेली तर?” मुलगी थांबते, विचार करते, खोडून पुन्हा काढते. त्या खोडण्यांत शिक्षण आहे. उत्तर ठाऊक असून तें ओठांआड ठेवणें हा संयम शिक्षकालाहि साधत नाहीं. मग नित्य उत्तरेंच देणाऱ्या इंजिनियराला तो किती कठीण जात असेल!

स्पर्धेचा विषय दरवर्षीं बदलतो. २०२०-२१ सालीं चंद्रावरील वस्ती हा विषय होता. पण मला मोलाचा वाटतो तो २०१७-१८ चा. वृद्धांस स्वतंत्रपणें व उत्साहानें राहतां येईल असें नगर योजा, असें त्या वर्षीं मुलांस सांगितलें होतें. बारा वर्षांचा मुलगा जिना दोन उड्यांत चढतो. त्याच्या आजोबांस प्रत्येक पायरी मोजावी लागते. पायरी किती उंच असावी, बांकडें किती अंतरावर असावें, हा विचार करतांना त्या मुलास गणित तर येतेंच, पण आजोबाहि कळूं लागतात. शहरें बिघडतात तीं केवळ अज्ञानानें नव्हे. दुसऱ्याच्या पायांनीं चालून पाहण्याची संवय नसल्यानेंहि बिघडतात.

आपल्या घराघरांत आज इंजिनियर आहेत. काका आहेत, मामा आहेत, शेजारचे गृहस्थ आहेत. त्यांपैकीं एकानें आठवड्यांतून एक तास जवळच्या शाळेंत जाऊन मुलांपुढें आपल्याच गल्लीचा नकाशा पसरावा आणि विचारावें, “पावसाचें पाणी येथें कां तुंबतें?” बक्षीस नसलें तरी चालेल. प्रश्न विचारून मग शांत बसतां आलें, म्हणजे झालें. पुढें याच मुलांपैकीं कोणी नगरपालिकेंत बसेल, कोणी रस्ता आंखील, आणि बाकीचे त्या रस्त्याचा जाब विचारतील. चांगल्या नगरास हे तिघेहि हवेत.