आईचे मोजमाप
(दुसरबीड येथील भाषणाचा सारांश)

दुसरबीड हे जिजाऊंच्या सिंदखेडराजा तालुक्यातले गाव. येथे प्रत्येक आईला जिजाऊंच्या आदर्शाने जोखले जाते. आता शास्त्रही जोखू लागले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ शॅरन हेज यांनी १९९६ साली ‘सघन मातृत्वा’ची चिकित्सा केली, पुढे त्याच्या प्रश्नावल्या निघाल्या. आईचे जीवन मुलांभोवती किती फिरते, हे त्या विचारतात. पण कापूस वेचून दिवेलागणीला परतणाऱ्या आईजवळ अभ्यास घेण्यास वेळ उरतो काय? उणीव मायेची नव्हे, वेळेची आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत कुटुंबीयांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांचे रोजचे सरासरी १३७ मिनिटे भरली, पुरुषांची ७५. म्हणून मोजायचेच असेल तर मजुरी, शाळा आणि बापाचा वाटा मोजा. आईला दोष देणे सोपे. तिला वेळ मिळवून देणे हेच समाजवाद्यांचे कार्य होय.