जगाच्या कापणीसाठी प्रार्थना

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्ते आणि प्रार्थनागटांच्या एकत्र मेळाव्यात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय आहे, जगभरच्या मिशनकार्यासाठी प्रार्थना. आपल्या सभांमध्ये हा विषय कसा येतो ते तुम्हाला माहीत आहे. आजारी माणसं होतात, दहावी-बारावीची मुलं होतात, कोणाची कोर्टाची तारीख, कोणाची सोयरीक होते, आणि आमेनच्या आधी एक वाक्य येतं : हे प्रभू, जगभर तुझं काम करणाऱ्या सर्वांना आशीर्वाद दे. अख्खं जग एका दमात उरकलं! तोवर चहाचं पातेलं चुलीवर चढलेलं असतं.

किनवट तालुक्यातल्या एका वस्तीवर गेल्या उन्हाळ्यात मी याच विषयावर बोलत होते. एक आंध आजी हंडा शेजारी ठेवून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बाई, आमच्या हापशाला पानी न्हाई, आन् तुमी आफ्रिकेचं काय सांगून राहिल्या? आमी गरीब मानसं, जगासाठी काय मागनार?"

हापशाचं उत्तर सोपं होतं. त्यासाठी पंचायत समितीत अर्ज द्यायचा असतो, तो आम्ही दिला. अर्जाच्या जागी प्रार्थना आणि प्रार्थनेच्या जागी अर्ज, असं आपण कधी करत नाही. पण आजींचा दुसरा प्रश्न माझ्या मनात राहिला. गरीब माणसांनी जगासाठी काय मागायचं?

प्रभू येशूने शिष्यांना कापणीच्या धन्याकडे मजूर मागायला सांगितलं, ते मत्तयाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी आहे. हे वचन लातूरच्या माणसाला टीकेशिवाय कळायला हवं. ऑक्टोबरात सोयाबीन वाळून उभं असतं, शेंगा तडकायला लागतात, वर ढग जमतात, आणि माणूस मोटारसायकल घेऊन या गावातून त्या गावात मजूर शोधत फिरतो. एकरी गुत्तं वाढवून देतो म्हणतो, तरी टोळी मिळत नाही. त्या माणसाच्या पोटात जी कालवाकालव होते, ती घेऊन मागा, असं प्रभू सांगतो आहे. आणि पान उलटून दहावा अध्याय वाचा. ज्या बाराजणांना मजूर मागायला सांगितलं, त्यांनाच त्याने पाठवलं. प्रार्थना करणाऱ्याला इथे धोका आहे, हे मी आधीच सांगून ठेवते.

आता एक जुनी हकिकत. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला. शेतात गवताची गंजी होती, आपल्याकडची बनीम म्हणा, तिच्या आडोशाला ते बसले आणि आशिया खंडासाठी प्रार्थना करू लागले. आशिया त्यांनी फक्त भूगोलात वाचला होता. चार वर्षांनी, १८१० मध्ये, या आणि त्यांच्यासारख्या तरुणांच्या आग्रहातून अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था उभी राहिली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना राहू द्यायला तयार नव्हती. तरी ते राहिले.

हॉल त्याच विल्यम्स कॉलेजात शिकलेले. ते मराठी शिकले, शाळा काढल्या. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्याची साथ होती. जवळची औषधं लोकांना वाटत ते फिरले, परतताना त्यांनाच कॉलरा झाला आणि एका देवळाच्या ओसरीत त्यांचा प्राण गेला. वय ४१. मला ती ओसरी महत्त्वाची वाटते. मरणाऱ्या परक्या माणसाला तिथे आडोसा मिळाला.

पुढे त्याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनाने घेतलं, आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. इथे बसलेल्या किती बहिणी शाळेत गेल्या, हात वर करा. त्या गंजीखालच्या पाच मुलांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. म्हणून प्रार्थनेचं फळ बाप्तिस्म्याच्या आकड्यांवरून मोजणाऱ्यांशी माझं जमत नाही.

कोणी म्हणेल, हे तिकडून इकडे झालं, आपण घेणारेच राहिलो. तसं नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात अनेक देशांतल्या मंडळ्या जो प्रार्थना-सप्ताह पाळतात, त्याची हाक पंजाबातल्या लुधियानातून गेली. तिथल्या मिशनने १८५८ मध्ये जगभरच्या ख्रिस्ती लोकांना विनंती केली आणि १८६० च्या जानेवारीत पहिला सप्ताह पाळला गेला.

आणि आपला लातूर जिल्हा? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. मी तेव्हा शाळेत होते. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे १०,००० माणसं गेली. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, इथे घरची माणसं गमावलेले लोक बसले आहेत. फक्त एक सांगते. पुढे ईश्वरविज्ञानाच्या पदविकेला असताना माझ्या वर्गात नागालँडचा एक भाऊ होता. मी लातूरची म्हणाले तसा तो थांबला. म्हणाला, "लाटूर? आम्ही लहानपणी रोज त्यासाठी प्रार्थना करायचो." त्यांच्या पाळकांनी नकाशा आणून मुलांना लातूर शोधायला लावलं होतं. दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून माणसं काढली जात होती, तेव्हा दोन हजार किलोमीटरवर डोंगरातली आदिवासी मुलं आपल्या जिल्ह्याचं नाव चुकीच्या उच्चारात देवाला सांगत होती. त्या दिवसापासून मी "जगभरच्या सर्वांना" हे वाक्य प्रार्थनेत वापरत नाही. गावाचं नाव घेते.

त्या ईशान्येच्याच मिझोराममध्ये मिशनरी १८९४ मध्ये पोहोचले. मिझो लोक डोंगरातले, गरीब, आदिवासी. १९१० पासून तिथल्या बाया स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवतात. ते तांदूळ मंडळीत जमा होतात, विकले जातात आणि त्या पैशाने मिशनरी पाठवले जातात. याला ते 'बुहफाय थाम' म्हणतात. सोळा वर्षांत घेणारे देणारे झाले. आपल्या पत्रकांत आदिवासी माणूस नेहमी मदत घेताना का दिसावा, असं मला हे वाचल्यापासून वाटतं.

किनवटच्या आजींना मी हे मिझो बायांचं सांगितलं. त्यांनी आपला हात पुढे केला, मूठ वळून पाहिली आणि विचारलं, "एवढी?" म्हटलं, एवढीच. मग ज्वारीची चालेल का, हे त्यांनी विचारलं.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. 'मिशनरी' शब्द ऐकला की आज काही लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्या कामात औषध देताना कोणाला धर्म विचारला जात नाही आणि नोंदवहीत तसा रकानाही नाही. प्रार्थनेच्या वहीतही "हा आपल्यात कधी येईल" म्हणून शेजाऱ्याचं नाव लिहायचं नाही. आपण कामकऱ्यांसाठी मागतो : त्यांना भाषा यावी, त्यांचा ताप उतरावा, त्यांनी गर्व करू नये, लोकांनी त्यांना आडोसा द्यावा. मन फिरवणं देवाच्या हाती आहे, ते आपण हातात घ्यायचं नाही.

आता कामाचं. विल्यम केरी इंग्लंडात जोडे शिवायचे तेव्हा त्यांनी जगाचा नकाशा स्वतः काढून दुकानाच्या भिंतीला लावला होता. पुढे १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते याच केरींनी. आपल्याला नकाशा काढायची गरज नाही, मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातला चालेल. मेजावर चिठ्ठ्या आहेत, प्रत्येकीवर एका देशाचं नाव. एका गटाने वर्षभर एकच देश घ्यायचा. तिथे कोणती भाषा बोलतात, काय पिकतं, पाऊस झाला का, लढाई चालू आहे का, हे मोबाइलवर शोधून महिन्यातून एकदा गटात सांगायचं, मग गुडघे टेकायचे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बहिणींचा जागतिक प्रार्थना दिन असतो, तेव्हा प्रत्येक गटाने आपल्या देशाबद्दल दोन मिनिटं बोलायचं. ऊसतोडीला गेलेल्यांनी चिठ्ठी सोबत न्यावी, कोपीतही प्रार्थना होते. मुठीचं धान्य ज्यांना द्यायचं असेल त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवावं. सक्ती नाही.

उदगीरला म्यानमार आलं आहे, देगलूरला दक्षिण सुदान. माहूरच्या गटाने अजून चिठ्ठी उचललेली नाही, ती जेवणाआधी उचलावी.