जेवणाच्या टेबलावरचा सिनेमा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता माझी ओळख ‘ॲनिमेशनपट निर्माता’ अशी करून दिली गेली, म्हणून आधी खुलासा करतो. माझा स्टुडिओ म्हणजे आमचं जेवणाचं टेबल आणि आजवरची एकूण निर्मिती ४० सेकंद.

सुरुवात मात्र याच शाळेत झाली. आठवीत इतिहासाच्या पुस्तकाच्या कोपऱ्यांवर मी घोडा काढला होता. पानं फरफर सोडली की तो दौडायचा. सरांनी पुस्तक जप्त केलं, आणि शिक्षकांच्या खोलीत स्वतः दोनचार वेळा घोडा दौडवून पाहिला म्हणे. सर समोरच बसलेत. पुस्तक अजून परत मिळालेलं नाही!

पुढे ड्राफ्ट्समन झालो. ३४ वर्षं रेघेवर पोट भरलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना उजव्या हाताला कंप सुटला. पेन्सिल टेकवली की रेघ नागमोडी. चित्र काढणंच सोडून दिलं. घरात कुणी विषय काढला तर उठून जायचो.

मग एका सुट्टीत नातीनं मोबाइलवर खोडरबर चालवून दाखवलं. थोडं सरकवायचं, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायचं. यात नवं काही नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी करून टिपली होती. पण मला राहवेना.

टेबलाचा एक खण काढला, आत एलईडी दिवा ठेवला, वर काच. झाली चित्रं गिरवायची पेटी. कागद हलू नयेत म्हणून फायलीच्या पंचिंग मशीननं भोकं पाडली आणि फळीवर ठोकलेल्या दोन खुंट्यांत अडकवली. पुस्तकांच्या दोन चळतींवर भोक पाडलेली फळी, तिच्यावर मोबाइल पालथा. दोन्ही बाजूंना टेबललॅम्प. खिडक्या बंद, कारण ढग आला की उजेड बदलतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकतं. मोबाइलला बोट लागलं तरी चौकट हलते, म्हणून इअरफोनच्या आवाजाच्या बटणानं फोटो घ्यायचे. सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ४० सेकंदांना ४८०. मे महिन्यात सौभाग्यवतींनी दयेपोटी पंखा लावला आणि क्रम न लावलेली ६० चित्रं घरभर झाली. तेव्हापासून प्रत्येक कागदावर आधी आकडा!

पण सांगायचं ते वेगळंच आहे. एकच आकृती पुन्हा पुन्हा काढली की कितीही स्थिर हाताच्या दोन रेघा तंतोतंत जुळत नाहीत. पडद्यावर रेघ जराशी सळसळते. माझी थोडी जास्त सळसळते, एवढंच. पहिला तुकडा पाहून नात म्हणाली, “आजोबा, यांचं धोतर वाऱ्यानं हलतंय.” मी धोतर हलतं काढलंच नव्हतं. त्या रात्री मी तो तुकडा किती वेळा पाहिला, ते मोजलं नाही.

ते धोतर कुणाचं, हे तुम्ही लगेच ओळखाल. आपले शिपाईमामा, व्हरांड्यात टांगलेला तो रुळाचा तुकडा, आणि शेवटचा टोल. टोलाचा आवाज घरच्या खलबत्त्याचा आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या बाकावरच्यांनो, सवयीप्रमाणे आजही दिव्याची बटणं तुमच्याच हाताशी आहेत. तेवढे दिवे घालवा.