हप्ते फेडून आलेला फादर

(भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातली लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

रविवारच्या प्रवचनात दहा मिनिटं झाली की लोक घड्याळ बघायला लागतात. इथे तुम्ही मला दिसत नाही, त्यामुळे मी निवांत बोलणार आहे.

मला विचारलंय, ‘चांगली नोकरी सोडून धर्मगुरू का झालात?’ लोकांना यात एक गोष्ट हवी असते. एका रात्री आवाज आला, सकाळी राजीनामा दिला. माझं तसं काही झालं नाही. निर्णय आणि राजीनामा यांच्यात दोन वर्षं गेली, कारण फ्लॅटचे हप्ते चालू होते.

मी वसईचा. वडिलांची वाडी होती, केळी आणि मोगरा. फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जायची. मी शिकलो, सीए झालो आणि अंधेरीला एका एक्स्पोर्ट कंपनीत लागलो. ११ वर्षं तिथे काढली, शेवटी सगळा फायनान्स माझ्याकडे होता.

एका वर्षी ऑर्डरी घटल्या आणि माणसं कमी करायचं ठरलं. यादी मी केली. १७ नावं. हिशेब बरोबर होता, कायद्याप्रमाणे देणं दिलं होतं. त्यातला डिस्पॅचचा एक जण माझ्या टेबलाशी आला. तो भांडला नाही, विनवण्याही केल्या नाहीत. म्हणाला, “साहेब, घरी कसं सांगू, तेवढं सांगा.” मी त्याला एचआरकडे पाठवलं.

कंपनी वाईट नव्हती, हे आवर्जून सांगतो. पण त्या माणसासाठी माझ्याकडे एचआरशिवाय काही नव्हतं, हे मला झोपू देईना. ऑफिसला जाण्याआधी मी सकाळच्या मिस्साला जायला लागलो. वर्षभराने आमच्या फादरांना मनातलं बोललो. वाटलं, ते आनंदतील. त्यांनी विचारलं, “कर्ज किती आहे?” मी आकडा सांगितला. म्हणाले, “आधी ते फेड. आईची सोय कर. देव थांबेल, बँक थांबणार नाही.”

आईला सांगणं त्याहून अवघड होतं. ती माझ्यासाठी मुली बघत होती. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाली, “म्हणजे या घरात आता सून यायची नाही.” बस्स, एवढंच. त्यावर मी आजही काही बोलू शकत नाही.

३५व्या वर्षी सेमिनरीत गेलो. बरोबरची मुलं एकोणीस-वीसची, मला ‘अंकल’ म्हणायची. आधी तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, मधे धर्मग्रामातला अनुभव. गुरुदीक्षा मिळाली तेव्हा मी ४३ वर्षांचा होतो. कॅनन कायद्यात किमान वय २५ आहे, म्हणजे मी बराच उशिराचा प्रवासी.

पैशाबद्दल एक गैरसमज दूर करतो. आम्ही सगळे गरिबीचं व्रत घेतो, असं लोकांना वाटतं. ते जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा संघातले धर्मगुरू घेतात. माझ्यासारखा धर्मप्रांताचा धर्मगुरू ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो. म्हणजे माझ्या नावावर बँकेत खातं असू शकतं. पण परवानगीशिवाय धंदा करायला कॅनन २८६ ची मनाई आहे. आणि कॅनन ५३७ म्हणतं, प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती हवीच. थोडक्यात, धंदा सुटला, बॅलन्स शीट काही सुटली नाही!

ती सवय मला महागात पडली. पहिल्याच धर्मग्रामात साहाय्यक असताना मी रविवारच्या हजेरीचा तक्ता बनवला. कुठल्या मिस्साला किती लोक, कुठे गळती. सभेत मोठ्या अभिमानाने दाखवला. मागच्या बाकावरचे एक म्हातारे उभे राहिले. “फादर, माझी बायको कुठल्या रकान्यात? सहा महिने अंथरुणावर आहे.”

मी तक्ता गुंडाळला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी कम्युनियन घेऊन गेलो. तिथून शेजारचं घर कळलं, मग पुढचं. महिन्याभरात माझ्या वहीत ४१ घरं झाली. पुन्हा यादीच, पण या यादीतल्या प्रत्येक दारात मला स्वतः जावं लागतं.

काय आठवतं जुन्यातलं? महिनाअखेर आकडे जुळले की वाटायचं ते समाधान. इथे काही जुळत नाही. आज लग्न, उद्या दफन, परवा दोन भावांचं वाडीवरून भांडण आणि मी मधे.

हे ऐकून कुणाच्या मनात असा विचार असेल, तर माझा सल्ला तोच. कर्ज फेडा, घरी बसून नीट बोला. देवाच्या नावाखाली जबाबदारी टाळू नका.

मागे एक तरुण आला होता, नोकरी गेलेली. त्यानेही तेच विचारलं, बायकोला कसं सांगू. उत्तर मला अजूनही येत नाही. चपला घातल्या आणि म्हटलं, चल, मी येतो बरोबर.

थांबतो आता. साडेपाचची मिस्सा आहे.