पाचशे रुपयांचे चलन आणि नागरिकाचा हिशेब

(वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजचा विषय काहींना फारच किरकोळ वाटेल. कापसाचा भाव, महागाई, बेरोजगारी हे प्रश्न पुढे असताना मोटारसायकलच्या पाचशे रुपयांच्या चलनावर काय बोलायचे? परंतु सामान्य माणसाची शासनसंस्थेशी गाठ बहुधा अशाच किरकोळ ठिकाणी पडते. आणि तेथे तो ताठ उभा राहतो की मान खाली घालतो, यावर लोकशाहीचे पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून प्रश्न असा की, चुकीचे चलन मुकाट्याने भरावे की त्याविरुद्ध न्यायालयात उभे राहावे?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. वाहतुकीचे नियम हा जुलूम नव्हे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत हेल्मेट न घातलेले सुमारे 50 हजार होते. यांतले बहुतेक आपल्यासारख्याच साध्या घरांतले. तेव्हा ज्याने खरोखर नियम मोडला, त्याने दंड भरावा. पुढाऱ्याला फोन लावून सुटका करून घेणे ही सरंजामी सवय आहे. आपल्या कार्यकर्त्याला ती शोभत नाही.

प्रश्न आहे तो ज्याने नियम मोडलेला नाही त्याचा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि दंड अनेक पटींनी वाढले. कलम 177 खालील पहिल्या गुन्ह्याचा दंड 100 रुपयांवरून 500 वर गेला आणि पुन्हा घडल्यास 300 वरून 1500 वर. याच काळात हाती पावती देणाऱ्या शिपायाची जागा ई-चलनाने घेतली. शिपायाशी निदान दोन शब्द बोलता येत होते. छायाचित्राशी बोलता येत नाही.

समजा, समुद्रपूर तालुक्यातील एका कास्तकाराच्या मोबाईलवर नागपूरच्या चौकातील 500 रुपयांचे चलन आले. त्या दिवशी त्याची गाडी हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात उभी होती. नंबराचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेला असेल. आता त्याने काय करावे? खटला सामान्यतः जेथे गुन्हा घडल्याचे म्हटले आहे तेथेच चालणार, म्हणजे नागपूरला. 2025-26 साली आपल्या राज्यात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला 312 रुपये होता. दोन पेशींना गेला तर या दरानेच 624 रुपये बुडाले. एसटीचे भाडे आणि वकिलाची फी वेगळीच. 500 वाचवण्यासाठी हजारावर खर्च कोण करील? तो पैसे भरतो, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत तो विवेकी ठरतो.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. चुकीची संपूर्ण किंमत नागरिकाने मोजायची आणि चूक करणाऱ्याने काहीच मोजायचे नाही, अशी व्यवस्था असेल तर चुका कमी होण्याचे कारणच उरत नाही. प्रत्येकाचा शहाणपणा एकत्र केला की सर्वांचे नुकसान होते. उलट, एक माणूस न्यायालयात उभा राहून चूक सिद्ध करतो तेव्हा त्याचा लाभ पुढच्या शंभरांना मिळतो, खर्च मात्र त्या एकट्याच्या खिशातून जातो. जे काम सर्वांच्या हिताचे असून एकट्याला परवडत नाही, ते संघटनेने करावयाचे असते.

कायद्याचा कलही पाहण्यासारखा आहे. कलम 208 प्रमाणे समन्स आल्यावर गुन्हा कबूल असल्याचे टपालाने कळवून रक्कम पाठवता येते. गुन्हा नाकबूल असणाऱ्याला मात्र स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावे लागते. कबुलीचा रस्ता डांबरी आहे. नकाराचा रस्ता पांदणीचा आहे. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते हे खरे, पण तेथे तडजोड होते. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा होत नाही. दोष असेल आणि रक्कम कमी करून हवी असेल, तर तेथे अवश्य जावे. दोषच नसेल तर तडजोड कशाची करायची?

आपण सेवाग्रामच्या परिसरात राहतो. येथे येण्याच्या कितीतरी आधी, 1922 साली अहमदाबादच्या न्यायालयात, गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप कबूल केला आणि सहा वर्षांची शिक्षा स्वीकारली. त्या कबुलीला तेज होते, कारण ती खरी होती. जे केलेच नाही त्याची कबुली पाचशे रुपयांसाठी द्यायची, ही त्या परंपरेच्या अगदी उलट गोष्ट आहे.

2025 च्या जुलैमध्ये राज्यातील वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या सर्व मागण्या आपल्याला मान्य असतीलच असे नाही. पण संघटना होती म्हणून शासनाला त्यांच्याशी बोलावे लागले. एका मोटारसायकलवाल्या शेतमजुराशी कोण बोलणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस कार्यकर्त्यांनी चलने तपासायला बसावे. तारीख, वेळ, ठिकाण, नंबर आणि छायाचित्र नीट पाहावे. दोष खरा असेल तर तसे स्पष्ट सांगून दंड भरायला लावावा. दोष नसेल तर बाजार समितीची पावती, हजेरीपट असा पुरावा जमवून आधी पोलिसांकडे लेखी तक्रार करावी. चलनावरील मुदत चुकवू नये. तक्रार फेटाळली गेली तर खटला लढवावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे, तो वापरावा. इतरांसाठी वर्गणीतून भाडे आणि बुडालेली मजुरी द्यावी. एकाच चौकातील, एकाच तऱ्हेची चुकीची चलने आढळली, तर ती एकत्र करून जिल्हा पोलीस अधीक्षकांपुढे ठेवावीत.

यात मोर्चाचा जोश नाही, वर्तमानपत्रात छायाचित्रही येणार नाही. पण वर्षभरात अशी दहा प्रकरणे जरी निकालात निघाली, तरी दहा गावांतील माणसांना कळेल की सरकारी कागदावर छापलेले सगळेच खरे नसते आणि ते खोटे ठरवण्यासाठी एकट्याने नागपूरची वाट धरावी लागत नाही.